अंगठ्याची पोच

पूर्वी माणसाने जगाचे मोजमाप आपल्या हाताने केले. मीठ चिमटीने घातले, तांदूळ मुठीने वैरले, दाणे पशाने दिले आणि पाणी ओंजळीने प्याले. भातावरचे पाणी बोटाच्या पेराने ठरले, कापड हाताने मोजले गेले आणि खड्ड्याची खोली वितीत सांगितली गेली. ही मापे काटेकोर नव्हती. दोन माणसांची वीत कधीच सारखी नसते. परंतु त्यांच्यामागे एक शहाणपण होते. वस्तू माणसासाठी असते, म्हणून तिचे माप माणसाच्या शरीरावरून घ्यावे, हे ते शहाणपण होय. खुरप्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, जात्याचा खुंटा ही सारी अवजारे हाताला रुळणारी असावी लागत. हाताला न बसणारे अवजार कितीही धारदार असले, तरी ते कोपऱ्यातच पडून राही.

आज माणसाच्या हातात दिवसभरात सर्वाधिक वेळ असणारे अवजार म्हणजे भ्रमणध्वनी. त्याचे माप मात्र हातावरून सांगितले जात नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, तेही इंचांत, एवढेच त्याचे जाहीर माप. ते यंत्र मुठीत मावते का, अंगठा त्याच्या सर्व पडद्यावर फिरतो का, ते धरून मनगट दुखते का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या आकड्यात नसते. मोठा पडदा हवा की लहान, हा वरवर पाहता आवडीनिवडीचा आणि क्षुल्लक प्रश्न वाटतो. थोडा खोलात शिरून पाहिले, तर यंत्र बनवताना कोणाचा हात डोळ्यांसमोर ठेवला गेला, असा तो प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधून या सेवेचा आरंभ केला. त्यानंतरच्या दशकात यंत्र जितके लहान, तितके ते प्रतिष्ठेचे मानले जाई. २००३ साली आलेला नोकिया ११०० हा त्या काळाचा प्रतिनिधी म्हणता येईल. त्याचे वजन अवघे ८६ ग्रॅम होते. धुळीपासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या बटणांवर आवरण होते, माथ्यावर विजेरी होती आणि सारी बटणे एकाच अंगठ्याच्या टप्प्यात होती. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. शेताच्या बांधावर, रिक्षाच्या पुढच्या आसनावर, बाजाराच्या गाळ्यात तो एका हाताने सहज चाले.

२००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन बाजारात आला आणि बटणांची जागा स्पर्शपटलाने घेतली. त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. बटणे गेल्यामुळे पडदा हेच सर्वस्व झाले आणि पडदा वाढवण्याची चढाओढ सुरू झाली. मोठे फोन हातात नीट धरता येत नाहीत, ते कोणी घेणार नाही, अशा आशयाचे मत त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जुलै २०१० मधील एका पत्रकार परिषदेत व्यक्त केले होते. परंतु २०११ साली सॅमसंग कंपनीने ५.३ इंच पडद्याचा गॅलेक्सी नोट आणला. आरंभी त्याची थट्टा झाली. पुढे मात्र तो खपला. २०१२ साली ॲपलने चार इंचांचा फोन आणला, तेव्हा अंगठा सर्व पडद्यावर पोहोचतो, हेच त्याच्या जाहिरातीचे सूत्र होते. अवघ्या दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच कंपनीने ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन विक्रीस ठेवले. लहानपणाची प्रतिष्ठा संपली होती आणि मोठेपणाची सुरू झाली होती.

लहान यंत्राची आवड असणारे लोक मात्र नाहीसे झाले नाहीत. त्यांच्यासाठी २०२० आणि २०२१ साली ५.४ इंच पडद्याचे दोन 'मिनी' आयफोन निघाले. विक्री अपेक्षेएवढी झाली नाही आणि २०२३ मध्ये कंपनीने ती आवृत्ती बंद केली. असूस कंपनीने २०२१ ते २०२३ या काळात ५.९ इंचांचे तीन फोन आणले. २०२४ साली त्यांच्या जागी ६.७८ इंचांचा फोन आला. आज दुकानात मांडलेल्या बहुतेक स्मार्टफोनचा पडदा सहा इंचांहून मोठा आहे. लहान, तरीही कामाला चांगला असा फोन मागणाऱ्या ग्राहकाला 'तसा आता येत नाही' हे उत्तर मिळते. ज्याला एके काळी आवड म्हणत, तिची आता तक्रार झाली आहे.

पडदा वाढला, त्यात केवळ कंपन्यांचा लोभ पाहणे अन्यायाचे ठरेल. त्या वाढीमागे खऱ्या गरजा आहेत. यंत्र मोठे असले म्हणजे आत मोठी बॅटरी मावते, आणि जेथे वीज दिवसातून अनेक तास जाते, तेथे बॅटरी टिकणे ही चैन नसते. भारतातील अनेक घरांत फोन हाच एकमेव पडदा आहे. तोच दूरदर्शन संच, तोच संगणक आणि तोच फळा. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य मुलांचा वर्ग त्या चौकटीत भरला. गणिताची आकृती तीन-चार इंचांत पाहणाऱ्या मुलाला मोठ्या पडद्याचे मोल सांगावे लागत नाही.

वयाचाही विचार करावा लागतो. चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही आहे आणि चष्म्यालाही, हे उगाच नव्हे. त्या वयाच्या सुमारास जवळचे अक्षर डोळ्यांना पुसट दिसू लागते. शिवाय देवनागरी लिपीला उभी जागा अधिक लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; खाली उकार; मध्ये एकमेकांना बिलगलेली जोडाक्षरे. 'चिंता' आणि 'चिता' या शब्दांतील फरक एका टिंबाचा आहे. अक्षर बारीक झाले की ते टिंब आधी हरवते. म्हणून निवृत्तीनंतर फोनवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा मोठा पडदा मागतात, तेव्हा ते डामडौल करत नसतात. त्यांना दिसायला हवे असते.

मग अडचण कोठे आहे? अडचण हाताच्या रचनेत आहे. फोन एका हातात धरला, म्हणजे चार बोटे मागून आधार देतात, करंगळी पुष्कळदा खालून भार तोलते आणि उरलेला एकटा अंगठा पडद्यावर काम करतो. अंगठ्याची हालचाल सरळ रेषेत होत नाही. त्याच्या मुळापासून तो पंख्यासारखा कमानीत फिरतो. या कमानीच्या आतला भाग त्याला सोपा, बाहेरचा अवघड. उजव्या हाताने फोन धरणाऱ्याला वरचा डावा कोपरा सर्वांत दूर पडतो. नेमक्या त्याच कोपऱ्यात 'मागे जा' यासारखी खूण अनेक ठिकाणी ठेवलेली असते. तेथे पोहोचण्यासाठी पकड सैल करून यंत्र हातातल्या हातात सरकवावे लागते, आणि फोन निसटतो तो बहुधा त्याच क्षणी.

हे काही थोड्या लोकांपुरते नाही. यंत्रांच्या वापराचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली रस्त्यांवर, स्थानकांवर व इतर सार्वजनिक ठिकाणी फोन हाताळणाऱ्या लोकांच्या १,३३३ नोंदी प्रसिद्ध केल्या. पडद्याला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने काम करत होते. एका हातात फोन धरून दुसऱ्याने तो चालवणारे ३६ टक्के आणि दोन्ही अंगठे वापरणारे १५ टक्के होते. त्या वेळचे पडदे आजच्यापेक्षा लहान होते, हे खरे. पण माणसाचा हात त्यानंतर वाढलेला नाही आणि त्याच्या दुसऱ्या हाताची कामेही कमी झालेली नाहीत.

वजनाचे गणितही लक्षात घेण्यासारखे आहे. २०१२ सालचा चार इंचांचा आयफोन ११२ ग्रॅमचा होता. २०२१ साली आलेला त्याच कंपनीचा सर्वांत मोठा फोन सुमारे २४० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पाव किलोचा होता. एवढे वजन घटकाभर हातात धरणे कठीण नाही. परंतु ते दिवसातून शंभर वेळा उचलून, ताणलेल्या अंगठ्याने पेलणे निराळे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ असलेल्या कंडरांच्या आवरणाला सूज येऊन होणारे दुखणे वैद्यकाला जुने माहीत आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. अंगठा आणि मनगट यांची तीच ती हालचाल पुनःपुन्हा झाल्याने ते बळावते. दुखणे फोनच्या आधीपासूनचे आहे. फोनने अंगठ्याला एक नवे काम लावले, एवढेच.

आता प्रश्न असा, की दुसरा हात मोकळा नसतो तो कोणाचा? मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. भाजी विकणाऱ्या बाईच्या एका हातात तराजू असतो आणि दुसऱ्या हाताने तिला फोनवर पैसे जमा झाल्याची खात्री करायची असते; २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून तिच्या धंद्याचा गल्लाही फोनमध्ये आला आहे. आईच्या कडेवर मूल असते. २०२१ पासून अंगणवाडी सेविका मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरतात. त्या वेळी एखादे रडणारे मूल त्यांच्या मांडीवर असू शकते. पावसाळ्यात छत्री असते, म्हातारपणी काठी असते. ज्याचे दोन्ही हात सदैव मोकळे असतात, असा माणूस कष्टकऱ्यांत सापडणे अवघड आहे. एका हाताने वापरता येणे ही आळशाची मागणी नसून हात गुंतलेल्या माणसाची गरज आहे.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. एक हात मोकळा आहे म्हणून वाहन चालवताना फोन हाताळणे, हा या गरजेचा अर्थ नव्हे. तो कायद्याने दंडनीय अपराध आहे आणि जिवाशी खेळ आहे. तेथे अंगठ्याने विश्रांतीच घ्यावी.

हातांतील फरक स्त्री-पुरुषांच्या बाबतीत अधिक जाणवतो. स्त्रियांचे हात सरासरीने पुरुषांच्या हातांपेक्षा लहान असतात. कॅरोलिन क्रिआडो पेरेझ यांच्या 'इनव्हिजिबल विमेन' या २०१९ मधील पुस्तकात, पुरुषाचे शरीर हेच सर्वांचे माप मानून वस्तू घडवल्या जातात, या मुद्द्याच्या ओघात फोनच्या आकाराचाही विचार केलेला आहे. पुरुषाच्या हातात जो फोन मध्यम ठरतो, तोच अनेक स्त्रियांच्या हातात मोठा ठरतो. पुरुषाच्या सदऱ्याला आणि विजारीला खिसे असतात. साडीला खिसा नसतो. कनवटीला किंवा कमरेच्या बटव्यात जे मावेल, तेच कामाच्या वेळी जवळ राहते. मोठा फोन फडताळावर राहतो आणि हाक आली की हातातले काम टाकून त्याच्याकडे धावावे लागते.

ज्यांना एकच हात आहे किंवा ज्यांचा एकच हात चालतो, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न सोयीचा राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात सार्वत्रिक रचनेची संकल्पना आहे. वस्तू आणि सेवा मुळातच अशा घडवाव्यात, की वेगवेगळ्या क्षमतेच्या लोकांना त्या शक्य तितक्या प्रमाणात वापरता याव्यात, असा तिचा भावार्थ आहे. उताराचा रस्ता चाकाच्या खुर्चीसाठी केला, तरी बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही तो उपयोगी पडतो. एका हाताने चालणाऱ्या फोनचेही तसेच आहे.

या मागणीला एक उत्तर नेहमी दिले जाते. लहान फोन निघाले, पण लोकांनी घेतले नाहीत; ग्राहकानेच कौल दिला, मग तक्रार कसली? या युक्तिवादात तथ्य आहे. कारखाना दानधर्मावर चालत नाही. तरी त्यात दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी, की लहान फोन बहुधा समान अटींवर स्पर्धेत उतरलाच नाही. त्याची बॅटरी लहान असे आणि बॅटरी लवकर संपते म्हणून लोक त्याच्याकडे पाठ फिरवीत. जो चांगला निघाला, त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली. ज्या भाजीवालीला तो हवा होता, तिला तो परवडत नव्हता; ज्यांना परवडत होता, त्यांना हवा नव्हता. अशा कौलाला लोकांचा कौल म्हणणे कितपत योग्य आहे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणूस फोन विकत घेतो ते दुकानात. तेथे उजेड असतो, बसायला जागा असते आणि दोन्ही हात मोकळे असतात. एका ओळीत मांडलेल्या फोनांत मोठा पडदा अधिक देखणा दिसतो आणि तेवढ्याच पैशांत अधिक काही मिळाल्यासारखे वाटते. पुढची तीन-चार वर्षे तो वापरला जातो तो मात्र गर्दीत, उन्हात, पावसात, चालता चालता. निवड दोन हातांनी होते आणि वापर एका हाताने. निवडीच्या वेळी वापराची आठवण राहत नाही, म्हणून बाजाराच्या आकडेवारीत आवड दिसते. गैरसोय दिसत नाही.

गैरसोय कमी करण्याचे प्रयत्न कंपन्यांनी केले आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१४ साली ॲपलने पडद्याचा वरचा भाग तात्पुरता खाली ओढण्याची सोय दिली. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ या प्रणालीतही एका हाताने वापरण्याची अशी रीत समाविष्ट झाली. काही कळफलक डावीकडे किंवा उजवीकडे सरकवता येतात. घडी घालता येणारे फोनही निघाले. या सोयी उपयुक्त आहेत. पण पुष्कळांना त्या आहेत हेच ठाऊक नसते, कारण त्या व्यवस्थापनाच्या पानांत खोल दडलेल्या असतात. घडीचा फोन खिशात मावतो खरा. उघडला की अंगठ्याची पोच पुन्हा तेवढीच राहते. सदरा आधी मोठा शिवायचा आणि मग बाह्या दुमडण्याची युक्ती शिकवायची, असा हा प्रकार आहे.

आकाराची चर्चा करताना इंचांच्या आकड्याने फसू नये, हेही सांगितले पाहिजे. २०१७ सालच्या आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंचांचा होता आणि यंत्राची रुंदी ७८.१ मिलिमीटर होती. २०२२ सालच्या आयफोन १४ चा पडदा ६.१ इंचांचा, परंतु रुंदी ७१.५ मिलिमीटर, त्याची लांबीही आधीच्यापेक्षा कमी आहे. पडद्याभोवतीची रिकामी पट्टी गेली आणि पडदा उभट झाला, त्यामुळे आकडा वाढूनही यंत्र लहान झाले. मुठीच्या दृष्टीने खरी किंमत रुंदीला आहे. ती तिरप्या मापात दिसत नाही. म्हणून इंच विचारण्यापेक्षा रुंदी आणि वजन विचारणारा ग्राहक अधिक शहाणा म्हणावा लागेल.

समजा, एका घरात तीन माणसे आहेत. आजोबांना वाचण्यासाठी मोठा पडदा हवा आहे. ते खुर्चीत बसून, फोन मांडीवर ठेवून, दुसऱ्या हाताच्या बोटाने तो चालवतात. एका हाताचा प्रश्न त्यांना पडत नाही. मुलाला क्रिकेटचे सामने पाहायचे आहेत. त्यालाही मोठाच हवा. सून सकाळी स्वयंपाक करते, दुपारी शिवणकाम करते आणि रात्री मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा अभ्यास करते. भाजी परतताना, रांगेत उभी असताना, बसची वाट पाहताना ती एका हाताने धडा वर सरकवत वाचते. तिला लहान फोन हवा आहे. या तिघांपैकी चूक कोणाचीच नाही. पाचही बोटे सारखी नसतात, ही म्हण एकाच हाताची आहे. मग कोट्यवधी हातांना एकच माप कसे पुरेल?

या सुनेचे उदाहरण सहज निवडलेले नाही. अंगठा या शब्दाला आपल्या समाजात एक बोचरा इतिहास आहे. ज्याला सही करता येत नसे, तो शाईत बुडवलेला अंगठा कागदावर उमटवी आणि त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले जाई. जो अंगठा एके काळी अक्षरओळख नसल्याची खूण होता, तोच आज अक्षरे लिहितो, पाने उलटतो, अर्ज भरतो आणि धडे वाचतो. शाळेचा उंबरठा ज्यांना लहानपणी ओलांडता आला नाही, अशा अनेकांची शाळा आज त्यांच्या एका हातात आहे. कारण दुसरा हात अजून पोटाच्या उद्योगात गुंतलेला आहे. त्या अंगठ्याला पडद्याचा कोपरा गाठता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

मग करावे काय? ग्राहकापुरते बोलायचे, तर त्याने दुकानात फोन हातात घेताना एक हात मुद्दाम मागे बांधावा. फोनला वापरायचे ते आवरण घालून, ज्या हाताने तो वापरायचा त्या हातात धरावा. अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहावा. मराठीतील एखादे वाक्य एका हाताने लिहून पाहावे आणि एक पान न थांबता वाचून पाहावे. अक्षर वाचता येत नसेल, तर फोन लहान आहे. पकड सैल करावी लागत असेल, तर तो मोठा आहे. दोन्ही अडचणी आल्या, तर ज्या कामासाठी फोन प्रामुख्याने वापरायचा, त्या कामाच्या बाजूने निर्णय घ्यावा. शेजाऱ्याच्या फोनकडे पाहून तो घेऊ नये.

बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. लहान आकाराचा एक तरी फोन असा ठेवावा, की तो बॅटरीत आणि टिकाऊपणात उणा नसेल आणि सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल. ते जोवर होत नाही, तोवर नेहमी लागणाऱ्या खुणा पडद्याच्या खालच्या भागात आणाव्यात. त्याला फारसा खर्च नाही. एकदा विचार करावा लागतो. शासकीय कामांची आणि शिक्षणाची ॲप तयार करणाऱ्यांनी हा विचार सर्वांआधी करावा, कारण त्यांचा वापर करणाऱ्यांना दुसरे ॲप निवडण्याची मुभा नसते.

मोठा पडदा वाईट नाही आणि लहान पडदा हा काही सद्गुण नाही. डोळ्यांना जे हवे ते आणि हाताला जे हवे ते, यांत ओढाताण राहणारच. तिचा निवाडा प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे करायचा असतो. पण निवाडा करण्यासाठी समोर निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. एकच उरली, की निवड संपते आणि सवय लावून घेणे तेवढे हाती राहते. दांडा लांब झाला म्हणून जुन्या सुताराने कधी गिऱ्हाइकाला हात वाढवायला सांगितले नाही. त्याने दांडा तासला.